नवजाताचे प्रथमान्न : पीयूष, चीक आणि स्तन्यारंभाचा काल

नवजात बालकास मातेचे दूध जन्मल्याबरोबर द्यावे की दोन-तीन दिवस थांबून द्यावे, हा प्रश्न आधुनिक वैद्यकाने निकालात काढलेला असला, तरी त्यामागील इतिहास वाटतो तितका सरळ नाही. मातेचा पहिला चीक पिळून टाकावयाचा आणि तोवर बाळाच्या तोंडी मधाचे बोट द्यावयाचे, ही रूढी महाराष्ट्रात व महाराष्ट्राबाहेर दीर्घकाळ पाळली गेली आणि ती अद्यापही पुरती मोडलेली नाही. तिचे समर्थन बहुधा ‘शास्त्रातच तसे सांगितले आहे’ एवढ्या एका वाक्यात केले जाते. शास्त्रात नेमके काय सांगितले आहे आणि ते सर्वत्र एकच आहे काय, हे पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू होय.

रूढीला सर्वांत जवळचा असा आधार सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात, दहाव्या अध्यायात सापडतो. प्रसूतीनंतर तीन किंवा चार रात्रींनी हृदयस्थ धमन्या मोकळ्या होतात व मग स्त्रीचे स्तन्य प्रवृत्त होते, असे तेथे म्हटले आहे. म्हणून पहिल्या दिवशी मंत्रपूत असे मध व तूप ‘अनंत’ मिसळून तीन वेळा द्यावे, दुसऱ्या व तिसऱ्या दिवशी लक्ष्मणा या वनस्पतीने सिद्ध केलेले तूप द्यावे आणि त्यानंतर स्तन्याला आरंभ करावा, असा क्रम सांगितला आहे. (‘अनंत’ म्हणजे सोने की वनस्पती, याविषयी मतभेद आहे.) वाग्भटाने अष्टांगहृदयाच्या उत्तरस्थानात हाच क्रम जवळजवळ जसाच्या तसा उचलला आहे. पुढील काळात अष्टांगहृदयाचा जो प्रसार झाला तो पाहता, या मताला मिळालेले वजन समजू शकते.

परंतु चरकसंहितेत ही तीन दिवसांची अट नाही. तिच्या शारीरस्थानाच्या आठव्या अध्यायात जातकर्माचा विधी आहे. त्यात मंत्राने अभिमंत्रित केलेले मध व तूप प्रथम चाटवावे आणि त्यानंतर त्याच विधीने उजवा स्तन द्यावा, एवढेच सांगितले आहे. मध्ये थांबावयाचे कोठेही म्हटलेले नाही. वैदिक परंपराही याच बाजूची दिसते. बृहदारण्यकोपनिषदाच्या सहाव्या अध्यायात पिता बालकाच्या उजव्या कानात ‘वाक्’ हा शब्द तीनदा उच्चारतो, दही, मध व तूप सोन्याने चाटवितो, त्याला गुह्य नाम देतो आणि लगेच त्याला मातेच्या स्वाधीन करून स्तन देववितो. त्या वेळी म्हणावयाची ऋचा सरस्वतीच्या स्तनाला उद्देशून आहे. वाणी आणि दूध यांची ही सांगड भाषेच्या अभ्यासकास विशेष रोचक वाटावी. पारस्कर गृह्यसूत्रातही जातकर्मातच प्रथम उजवा व मग डावा स्तन धुऊन देण्याचा विधी आहे. मनुस्मृतीने नाळ कापण्यापूर्वी सोने, मध व तूप यांचे प्राशन सांगितले. मात्र त्यानंतर स्तन्य रोखावे असे काही तेथे नाही.

तात्पर्य, मधाचे बोट सर्वांना मान्य आहे, स्तन्य रोखणे सर्वांना मान्य नाही. रूढीने या दोन गोष्टी एकत्र बांधल्या आणि मधाच्या प्रामाण्यावर चिकाचा त्याग चालवून घेतला.

सुश्रुताच्या मतामागील निरीक्षण मात्र खोटे नव्हे. वार पडल्यानंतर मातेच्या शरीरातील प्रोजेस्टेरॉन झपाट्याने उतरते आणि दोन-तीन दिवसांनी दूध भरून येते. स्तन जड होतात आणि ‘दूध उतरले’ असे बायका म्हणतात. चूक झाली ती अनुमानात. दूध तिसऱ्या-चौथ्या दिवशी भरते यावरून त्यापूर्वी स्तनात बालकाला देण्याजोगे काही नसते, असे मानले गेले. सुश्रुताने पहिल्या स्रावाला विषारी किंवा नासका कोठे म्हटलेले नाही. त्याच्या मांडणीत तो स्राव जवळजवळ अनुपस्थितच आहे. स्तन देण्यापूर्वी थोडे दूध पिळून टाकावे, असे तो सांगतो खरे; पण त्याचे कारण ताठलेल्या, भरलेल्या स्तनातून एकदम प्यायल्यास मुलास खोकला व वांती होते, हे आहे. चीक टाकण्याशी त्या वचनाचा संबंध जोडणे बरोबर नाही.

अशी समजूत केवळ भारतीयांचीच होती असेही नाही. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात रोममध्ये वैद्यकी करणाऱ्या सोरेनस या ग्रीक वैद्याने आपल्या स्त्रीरोगविषयक ग्रंथात नवजाताला प्रथम दोन दिवस काहीच देऊ नये, नंतर बेताचा उकळलेला मध द्यावा आणि शक्य तर वीस दिवसपर्यंत मातेचे दूध टाळावे, असे सांगितले. कारण ते दाट, पनिरासारखे व पचावयास जड असते. जन्मतःच मातेचे दूध द्यावे असे म्हणणाऱ्या दमास्तेस नामक वैद्यावर त्याने टीका केली आहे. म्हणजे तेथेही दोन पक्ष होते, आणि पुढे ज्याचा ग्रंथ टिकला त्याचा पक्ष ‘प्राचीनांचे मत’ ठरला.

आता शब्दांकडे वळावे. संस्कृतात नुकत्याच व्यालेल्या गाईच्या दुधाला स्वतंत्र नाव आहे : पीयूष. अमरकोशात तो शब्द नव्या दुधाच्या अर्थाने येतो आणि अमृताच्या पर्यायांतही येतो. ऋग्वेदात सोमाच्या रसालाही तो लावलेला आढळतो. सुश्रुताने आपल्या द्रवद्रव्यांच्या अध्यायात पीयूष मधुर व बृंहण म्हणजे शरीर भरविणारे म्हणून गणले आहे. याउलट मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात गाईचे पेयूष आणि व्याल्यानंतर दहा दिवसांतील दूध अभक्ष्यांत घातले आहे. हा निषेध आरोग्याचा नसून अशौचाचा आहे, हे दहा दिवसांच्या मर्यादेवरूनच स्पष्ट होते. बाळंतिणीचे सोयर तेवढ्याच दिवसांचे. महाराष्ट्राने मनूचा हा निषेध मुळीच मानला नाही. गाय-म्हैस व्याली की चिकाचा खरवस शेजारीपाजारी वाटला जातो आणि तो आवडीने खाल्ला जातो. ज्या घरात वासराच्या वाट्याच्या चिकाचा खरवस होई, त्याच घरात बाळंतिणीचा चीक कापसाने पुसून टाकला जाई, ही विसंगती कोणाला खटकल्याचे दिसत नाही.

यात ‘चीक’ या शब्दाचा काही भाग असावा काय? मराठीत चीक हा झाडाचाही असतो : रुईचा, शेराचा, उंबराचा, फणसाचा. कुरडयांसाठी गव्हाचाही चीक काढतात. चिकट, चिकटणे या कुळातला हा शब्द पदार्थाचा दाटपणा व लाग सांगतो, त्याचे पोषण सांगत नाही. आणि रुईचा किंवा शेराचा चीक डोळ्यात जाऊ नये म्हणून मुलांना जपावे लागते. पीयूषाच्या भोवती जे अमृताचे वलय होते ते चिकाभोवती नाही. तथापि शब्दावरून रूढी निर्माण झाली असे म्हणणे धाडसाचे होईल, कारण चीक हा शब्द जेथे नाही तेथेही रूढी आहेच. एवढे मात्र म्हणता येईल की, ‘चीक’ आणि ‘दूध’ हे दोन भिन्न पदार्थ होत अशी जी समजूत होती, तिला भाषेने दुजोरा दिला. ‘अजून दूध आले नाही’ हे बाळंतिणीच्या खोलीतील वाक्य त्या भेदावरच उभे आहे.

चीक टाकल्यावर पोकळी भरावयास वस्तूंची वाण नव्हती. मध, तूप, गुळाचे पाणी, गाईचे किंवा शेळीचे पाण्याने पातळ केलेले दूध बोंडल्याने घालणे, आणि पुढे सहाणेवर मुरुडशेंग, वेखंड, हिरडा, मायफळ, अतिविष यांचे वेढे देऊन केलेली गुटी. काश्यपसंहितेत सोने पाण्यासह दगडावर उगाळून मधतुपाबरोबर चाटविण्याचा प्रयोग आहे. पण ज्या अध्यायात तो आहे त्या लेहाध्यायात कोणत्या बालकास चाटण द्यावे आणि कोणत्या बालकास देऊ नये याचाही विचार केला आहे. आज सोन्याच्या चाटणाची भलामण करणारे त्या दुसऱ्या भागाचा क्वचितच उल्लेख करतात.

मधाविषयी तर आता वेगळीच माहिती उपलब्ध आहे. 1976 साली कॅलिफोर्नियात शिशूंच्या बॉट्युलिझमचे निदान प्रथम झाले आणि थोड्याच वर्षांत मधातील जंतुबीजांशी त्याचा संबंध जोडला गेला. अर्भकाच्या आतड्यात ही बीजे रुजून विष निर्माण करू शकतात, म्हणून वर्षाच्या आतील मुलास मध देऊ नये असा नियम आज सर्वत्र सांगितला जातो. चरक, पारस्कर आणि उपनिषत्कार येथे सुश्रुताइतकेच अडचणीत येतात. त्यांना आधुनिक ठरविण्याचा मोह अभ्यासकाने टाळलेला बरा.

चिकाचे महत्त्व कळण्याचा मार्ग दूधशास्त्रातून नव्हे, तर प्रतिकारशक्तीच्या अभ्यासातून गेला. पाउल एर्लिख याने 1892 साली उंदरांची पिल्ले अदलाबदल करून दाखविले की, विषापासूनचे संरक्षण मादीच्या दुधातून पिल्लाला मिळते. 1961 साली स्वीडनच्या हॅन्सन याने मानवी दुधातील विशिष्ट प्रतिपिंडाचा शोध मांडला. हे प्रतिपिंड चिकात सर्वाधिक असते. चीक थोडा असतो, पण नवजाताचे जठरही लहानच असते. घानातील ग्रामीण भागात सुमारे 11,000 बालकांच्या पाहणीवरून 2006 मध्ये असे अनुमान निघाले की, सर्वांना पहिल्या तासात अंगावर घेतले गेले असते तर नवजातांचे 22 टक्के मृत्यू टळले असते.

भारतात 2015-16 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत तासाभरात अंगावर घेतलेल्या मुलांचे प्रमाण 41.6 टक्के होते. 2019-21 च्या पाहणीत ते 41.8 आढळले. याच अवधीत रुग्णालयातील प्रसूतींचे प्रमाण 78.9 वरून 88.6 टक्क्यांवर गेले. म्हणजे प्रसूती घरातून रुग्णालयात गेली तरी पहिल्या तासाचा प्रश्न जागचा हलला नाही. तेव्हा दोष केवळ आजीच्या मधाच्या बोटाला देता येत नाही. शस्त्रक्रियेनंतर माता व मूल वेगळे ठेवणे, वरच्या दुधाची बाटली सहज पुढे होणे, हीही कारणे जमेस धरली पाहिजेत. आरोग्यखात्याच्या मराठी पत्रकांत हल्ली ‘चीकदूध’ असा जोडशब्द वापरलेला दिसतो. जुन्या भाषेने वेगळे केलेले दोन शब्द त्यात प्रथमच एकत्र आले आहेत, आणि प्रसूतिगृहातील बोलण्यात तो कितपत रुळतो हे पाहण्याजोगे आहे.