पवनी : प्राचीन अवशेष व प्रेक्षणीय स्थळे

महाराष्ट्र राज्याच्या भंडारा जिल्ह्यातील एक प्राचीन नगर व तालुक्याचे ठिकाण. ते वैनगंगेच्या काठी, भंडाऱ्याच्या दक्षिणेस सु. ४५ किमी. व नागपूरच्या आग्नेयीस सु. ८० किमी. अंतरावर वसले आहे. तट, खंदक, नदीवरील घाट आणि असंख्य लहानमोठी मंदिरे यांमुळे पवनीला ‘विदर्भाची काशी’ असे म्हटले जाते. तथापि पवनीचे खरे ऐतिहासिक महत्त्व आज उभ्या असलेल्या वास्तूंत नसून गावाबाहेरील टेकड्यांच्या पोटात आहे. या टेकड्या म्हणजे सांची व भारहूत यांच्या तोलाच्या बौद्ध स्तूपांचे अवशेष होत, हे १९६९-७० मधील उत्खननाने सिद्ध झाले आणि विदर्भाच्या प्राचीन इतिहासाची मांडणी त्यामुळे बदलली. प्राचीन नगराच्या जागेवरच आजचे गाव नांदत असल्याने येथे अवशेष पाहणे म्हणजे एकावर एक साचलेले काळाचे थर ओळखणे होय.

नाव व आख्यायिका : पवन नावाच्या राजावरून गावाला हे नाव पडले, अशी लोकसमजूत आहे. वर्धा जिल्ह्यातील पवनार व पोहणे या गावांशीही याच राजाचे नाव जोडले जाते. त्याच्याजवळ परीस होता, प्रजेकडून तो कर म्हणून नांगराचे लोखंडी फाळ घेई व परिसाच्या स्पर्शाने त्यांचे सोने करी, अशी कथा त्या भागात प्रचलित आहे. या राजाला कोरीव लेखांचा वा नाण्यांचा कोणताही आधार नाही. मात्र एका विस्तृत प्रदेशातील जुन्या तटबंदीच्या गावांना लोकस्मृतीने एकाच राजाच्या नावाखाली आणावे, ही गोष्ट त्या गावांच्या प्राचीनतेची जाणीव दर्शविते. लोखंडाचा उल्लेखही लक्षणीय आहे, कारण विदर्भातील माहुरझरी, नायकुंड, टाकळघाट-खापा इ. ठिकाणच्या शिलावर्तुळांच्या उत्खननांतून या प्रदेशात इ. स. पू. पहिल्या सहस्रकात लोहसंस्कृती भरभराटीस आली होती, असे दिसून आले आहे.

तट व खंदक : नगराच्या एका अंगास वैनगंगेचे पात्र असून उरलेल्या बाजूंनी मातीचा उंच तट व त्याबाहेर खंदक आहे. तटाच्या माथ्यावर काही भागांत दगडी बांधकाम, बुरूज व कमानीचा दरवाजा आढळतो. हे दगडी काम मध्ययुगीन वा त्यानंतरचे आहे. त्याखालचा मातीचा बंधारा मात्र फार जुना असून प्राचीन नगररचनेचा तो भाग होय. नदीच्या वळणाचा एका बाजूस आधार घेऊन बाकीच्या बाजूंनी मातीचा तट घालावयाचा व त्यासाठी खणलेल्या मातीमुळे तयार झालेल्या खंदकात पाणी खेळवावयाचे, ही प्रारंभिक ऐतिहासिक काळातील भारतीय नगरांची परिचित पद्धत होती. तिने शत्रूप्रमाणेच पुरापासूनही संरक्षण मिळत असे. आज तटाचे काही भाग झिजले असून काहींवर वस्ती चढली आहे. तरीही खंदकाच्या काठाने चालत गेल्यास प्राचीन नगराचा आकार व विस्तार यांची कल्पना येते. एरवी नजरेआड राहणारी ही रेषा पवनीतील सर्वांत जुन्या अवशेषांपैकी एक आहे.

घाट व मंदिरे : नगराचा नदीकडील भाग घाटांनी व्यापला आहे. वैजेश्वर मंदिर व त्यालगतचा घाट हे येथील मुख्य तीर्थस्थान असून महाशिवरात्रीस तेथे भाविकांची गर्दी होते. पवनीचा पंचमुखी गणेश विदर्भातील अष्टविनायकांत गणला जातो. याच मालिकेतील मेंढा येथील भृशुंड गणेश भंडारा शहराजवळ आहे. घाट व मंदिरे यांपैकी पुष्कळशी भोसलेकालीन वा नंतरच्या बांधणीची असून ती अद्याप वापरात आहेत. पावसाळ्यात वैनगंगेचे पात्र भरून वाहते, तर हिवाळ्यात पाणी उतरल्यावर वाळूचे पट्टे, काळे खडक व पायऱ्यांच्या रांगा यांचे दृश्य रमणीय दिसते. पवनीचा निसर्ग व इतिहास या दोहोंना जोडणारा दुवा म्हणजे ही नदी होय. वैनगंगा पुढे वर्धा नदीला मिळते, त्यांच्या संयुक्त प्रवाहास प्राणहिता म्हणतात व ती गोदावरीस मिळते. अशा रीतीने पवनीचा संबंध दक्षिणेस गोदावरीच्या खोऱ्याशी व आंध्र प्रदेशाशी, तर उत्तरेस मनसर-रामटेकच्या बाजूने नर्मदेपलीकडील प्रदेशाशी येत होता. व्यापारी तांडे व भिक्षुसंघ या दोहोंनाही हा मार्ग सोयीचा होता. येथे मोठे स्तूप का उभे राहिले, याचे उत्तर बव्हंशी या भौगोलिक स्थानात सापडते.

स्तूपांचा शोध : गावाच्या परिसरात जगन्नाथ टेकडी, चांडकापूर किंवा हरदोलाला टेकडी आणि सुलेमान टेकडी या नावांची उंचवट्याची ठिकाणे आहेत. जगन्नाथ टेकडी बालसमुद्र या तलावाजवळ असून तिच्यावरील मंदिरावरून तिला ते नाव मिळाले. टेकड्यांची ही नावे निरनिराळ्या धर्मपरंपरांतील आहेत, पण त्यांपैकी एकही बौद्ध नाही. स्तूपांचे मूळ प्रयोजन लोक पूर्णपणे विसरले होते, तरी त्या जागांचे पावित्र्य मात्र टिकून राहिले, असे यावरून दिसते.

नागपूर विद्यापीठाचा प्राचीन भारतीय इतिहास, संस्कृती व पुरातत्त्व विभाग आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण खाते यांनी १९६९-७० मध्ये येथे संयुक्त उत्खनन केले. शां. भा. देव व जगत्पती जोशी यांनी त्याचे नेतृत्व केले आणि त्यांचा अहवाल १९७२ मध्ये प्रसिद्ध झाला. जगन्नाथ टेकडीत सु. ३८ मी. व्यासाचा विटांचा स्तूप उघडकीस आला. चांडकापूर येथील स्तूपाचा व्यास ४० मी.हून अधिक आहे. सांचीच्या प्रसिद्ध महास्तूपाचा व्यास सु. ३६·६ मी. आहे, हे लक्षात घेतल्यास पवनीच्या स्तूपांची भव्यता ध्यानात येते. जगन्नाथ टेकडीतील स्तूप एकाच वेळी बांधला गेला नाही. उत्खननकर्त्यांच्या मते त्याचा मूळ भाग मौर्यकाळातील वा त्याहीपूर्वीचा असून पुढे शुंग व सातवाहन काळांत त्याची वाढ करण्यात आली. मूळ लहान स्तूप तसाच ठेवून त्याभोवती नवे आवरण चढवावयाचे, ही पद्धत सांचीसही दिसते. प्रदक्षिणापथ व दगडी वेदिका म्हणजे कठडा हे या वाढीतील महत्त्वाचे घटक होत. १९९४ मध्ये भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण खात्याच्या वतीने अमरेंद्र नाथ यांनी पवनीस पुन्हा उत्खनन केले. त्याचा अहवाल १९९८ मध्ये प्रसिद्ध झाला.

शिल्पे व लेख : वेदिकेचे स्तंभ, त्यांना जोडणाऱ्या आडव्या सूची व वरील उष्णीष यांचे अनेक तुकडे उत्खननात मिळाले. त्यांवर ब्राह्मी लिपीतील व प्राकृत भाषेतील लहान लेख कोरलेले आहेत. कोणी स्तंभ दिला, कोणी सूची दिली, अशा नोंदी त्यांत आहेत. त्यांवरून स्तूपाच्या उभारणीस एका राजाच्या देणगीपेक्षा अनेक उपासक-उपासिकांच्या लहान देणग्यांचा हातभार लागला होता, हे स्पष्ट होते. राजवंशांच्या इतिहासात न येणाऱ्या सामान्य स्त्री-पुरुषांची ही नावे विदर्भाच्या सामाजिक इतिहासाचे दुर्मिळ साधन आहे.

शिल्पांची शैली भारहूतच्या शिल्पांशी जवळची आहे. त्यांत बुद्ध मानवी रूपात दाखविलेला नाही. रिकामे आसन, बोधिवृक्ष, धर्मचक्र इ. प्रतीकांनी त्याचे अस्तित्व सूचित केले आहे. यांतील मुचलिंद नागराजाचे शिल्प विशेष प्रसिद्ध आहे. ज्ञानप्राप्तीनंतर बुद्ध ध्यानस्थ असता अवकाळी वादळी पाऊस सुरू झाला, तेव्हा मुचलिंद नागाने आपल्या फणांचे छत्र धरून त्याचे रक्षण केले, अशी बौद्ध परंपरेतील कथा आहे. पवनीच्या शिल्पात आसनावर फणा उभारलेला नाग असून त्याचे नाव शेजारी कोरले आहे. बुद्धमूर्ती नसतानाही प्रसंग ओळखता यावा, म्हणून नाव लिहिण्याची ही रीत भारहूत येथेही आढळते.

राजकीय इतिहास : विदर्भाचा हा भाग मौर्य साम्राज्यात होता, यास चंद्रपूर जिल्ह्यातील नागभीडजवळच्या देवटेक येथील शिलालेखाने पुष्टी मिळते. प्राणिहत्येस मनाई करणारी राजाज्ञा त्यात असून तिचा संबंध अशोकाच्या महामात्राशी जोडला जातो. खुद्द पवनी येथे मिळालेल्या एका शिलालेखात भार कुलातील भगदत्त राजाचा उल्लेख आहे. पादुका कोरलेली शिळा त्याने स्थापन केली होती. एरवी अज्ञात असलेल्या या स्थानिक राजकुलाची माहिती या लेखामुळेच मिळते. दुसरा महत्त्वाचा लेख महाक्षत्रप कुमार रूपिअम्म याच्या छायास्तंभावरील होय. छायास्तंभ म्हणजे मृताच्या स्मरणार्थ उभारलेला स्तंभ. क्षत्रपांची सत्ता वा निदान त्यांच्या राजपुरुषांचा वावर वैनगंगेपर्यंत पोहोचला होता, असा निष्कर्ष त्यावरून काढण्यात येतो. वाकाटक नृपती दुसरा प्रवरसेन याचा एक ताम्रपटही पवनी येथे मिळाला आहे.

या लेखांच्या अभ्यासात वासुदेव विष्णू मिराशी (१८९३–१९८५) यांचे कार्य पायाभूत आहे. प्राचीन लेखांत येणारा ‘बेण्णाकट’ हा प्रदेश म्हणजे बेण्णा अर्थात वैनगंगेच्या काठचा मुलूख, असे त्यांनी दाखविले. नासिक येथील लेखात गौतमीपुत्र सातकर्णीस ‘बेनाकटकस्वामी’ म्हटले आहे. त्याचाही संबंध त्यांनी याच प्रदेशाशी जोडला. तथापि त्या लेखात गोवर्धनाचा म्हणजे नासिक परिसराचा उल्लेख असल्याने हे मत सर्वमान्य झालेले नाही.

मध्ययुग व आधुनिक काळ : देवगडचे गोंड राजे व त्यांच्यानंतर नागपूरकर भोसले यांच्या अंमलाखाली पवनी हे बाजारपेठेचे व विणकामाचे गाव होते. येथील कोष्टी विणकर बारीक सुताच्या व रेशीमकाठी कापडासाठी प्रसिद्ध होते. यंत्रमागाच्या व गिरणीच्या कापडापुढे हा व्यवसाय ओसरला. १८५३ मध्ये नागपूरचे राज्य खालसा होऊन हा प्रदेश इंग्रजांकडे गेला व १८६१ मध्ये मध्य प्रांतात समाविष्ट झाला. १९५६ मध्ये तो द्वैभाषिक मुंबई राज्यात व १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. १ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्याचे विभाजन होऊन गोंदिया जिल्हा निर्माण झाला. पवनी मात्र भंडारा जिल्ह्यातच राहिले.

परिसर : पवनीच्या उत्तरेस काही किमी. अंतरावर वैनगंगेवर गोसीखुर्द धरण आहे. त्याची पायाभरणी २२ एप्रिल १९८८ रोजी झाली. २००९ मध्ये त्यास राष्ट्रीय प्रकल्पाचा दर्जा मिळाला. धरणास ३३ दरवाजे असून जलाशयाचे विस्तीर्ण पात्र पर्यटकांचे आकर्षण ठरले आहे. त्याच जलाशयाखाली नदीकाठची अनेक गावे गेली व तेथील कुटुंबांना पुनर्वसन पत्करावे लागले, ही या रम्य दृश्याची दुसरी बाजू होय. नदीकाठचा प्रदेश हा प्राचीन वसाहतींचाही प्रदेश असल्याने गावांबरोबर त्यांचा भूमिगत इतिहासही पाण्याखाली जाण्याचा संभव असतो. पवनी नगर धरणाच्या खालच्या अंगास असल्याने बुडीत क्षेत्रात आले नाही. नगराच्या पश्चिमेकडील वनप्रदेशात उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्य असून ते २०१२ मध्ये घोषित झाले. तालुक्यातील रुयाड येथे जपानी बौद्धांच्या साहाय्याने अलीकडच्या काळात महास्तूप उभारण्यात आला आहे. १९५६ मध्ये नागपूर येथे झालेल्या धर्मांतरानंतर विदर्भात बौद्ध धर्माचे जे पुनरुज्जीवन झाले, त्याचे हे स्मारक म्हणता येईल. सुमारे दोन सहस्र वर्षांपूर्वी जेथे स्तूप होते, त्याच परिसरात पुन्हा स्तूप उभा राहिला आहे.

जतन : प्राचीन स्तूपांच्या वाट्यास निरनिराळे भवितव्य आले. भारहूत येथील दगड आसपासच्या लोकांनी बांधकामास नेले. १८७३ मध्ये कनिंगहॅम यांच्या निदर्शनास आल्यावर उरलेली वेदिका कलकत्त्याच्या संग्रहालयात हलवावी लागली. अमरावतीची शिल्पे मद्रास व लंडन येथे विखुरली. सांचीचे स्तूप वस्तीपासून दूर, टेकडीवर असल्याने जागीच टिकले. पवनीची स्थिती यांहून वेगळी आहे. येथील स्तूप नांदत्या गावाच्या कडेला आहेत आणि त्यांचा बराच भाग अद्याप मातीखाली आहे. उत्खननात मिळालेली काही शिल्पे अभ्यासासाठी नागपूर येथे नेण्यात आली. त्यामुळे टेकडीवर गेलेल्या प्रवाशास विटांचे थर व मंदिर यांपलीकडे फारसे काही दिसत नाही, तर संग्रहालयात शिल्पे पाहणाऱ्यास त्यांची मूळ जागा दिसत नाही. स्तूप व शिल्प यांची ही ताटातूट हे पवनीची कीर्ती तिच्या योग्यतेच्या मानाने मर्यादित राहण्याचे एक कारण होय.

अशा स्थळांना धोका आक्रमणांपेक्षा दैनंदिन वापराचाच अधिक असतो. घराच्या पायासाठी खणलेली माती, तटावरून काढलेली वाट, खंदकात टाकलेली भर यांनी प्राचीन थर हळूहळू नाहीसे होतात. एकदा ढवळला गेलेला थर पुन्हा वाचता येत नाही. दुसऱ्या बाजूने, गावकऱ्यांनी टेकड्यांना दिलेली नावे व तेथील पूजास्थाने यांच्यामुळेच या जागा शतकानुशतके मोडल्या गेल्या नाहीत, हेही तितकेच खरे आहे. म्हणून पवनीच्या अवशेषांचे रक्षण हे तेथील रहिवाशांच्या सहकार्यानेच होऊ शकते. घाट, मंदिरे, तट आणि स्तूप ही सारी एकाच नगराच्या दीर्घ आयुष्याची अंगे आहेत. ती एकत्र पाहिली असता वैनगंगेच्या काठी दोन सहस्रकांहून अधिक काळ टिकून राहिलेल्या नागरी जीवनाचे चित्र स्पष्ट होते.