चुंबकीय क्षेत्राची दिशा आणि अतिवाहकता : एक ऐतिहासिक आढावा

अतिवाहकता नष्ट करणाऱ्या चुंबकीय क्षेत्रास क्रांतिक क्षेत्र म्हणतात. कॅमर्लिंग ओनेस यांनी 1911 मध्ये पाऱ्यात अतिवाहकता शोधली व 1914 मध्ये क्षेत्राचा हा विघातक परिणामही दाखविला. क्रांतिक क्षेत्र एकाच आकड्याने सांगण्याचा प्रघात पाठ्यपुस्तकांत आजही आढळतो. साखळीसारख्या रचनेच्या, म्हणजेच एकमितीसदृश पदार्थांच्या बाबतीत तो अपुरा ठरतो.

झेरोम, बेकगार्ड व सहकाऱ्यांना 1980 मध्ये एका सेंद्रिय क्षारात 12 किलोबार दाबाखाली 0.9 केल्विन तापमानाला अतिवाहकता आढळली. या क्षारात इलेक्ट्रॉन रेणूंच्या साखळीवरून सहज, शेजारच्या साखळीकडे कष्टाने आणि एका थरातून दुसऱ्या थरात क्वचितच जातात.

चुंबकीय क्षेत्र इलेक्ट्रॉनांच्या जोड्या दोन प्रकारे तोडते. एक, त्यांचे मार्ग वाकवून. हा परिणाम दिशेवर अवलंबून असतो. दुसरे, विरुद्ध परिवलनांना एकाच दिशेस वळवून. याची मर्यादा क्लॉग्स्टन व चंद्रशेखर यांनी 1962 मध्ये प्रति केल्विन सुमारे 1.84 टेस्ला अशी काढली. क्षेत्र थरांना लंब असता पहिला परिणाम प्रबळ ठरतो. ते थराच्या प्रतलात, साखळीस लंब असता इलेक्ट्रॉन थरातच कोंडले जातात आणि हा परिणाम क्षीण होतो, असे लेबेड यांनी 1986 मध्ये मांडले. ली, नॉटन, चायकिन प्रभृतींनी 1997 मध्ये त्याच दिशेने मापन केले, तेव्हा उपर्युक्त मर्यादा ओलांडली गेली.

यावरून जोडीतील परिवलने समांतर असावीत, असा तर्क झाला. 2002 च्या अणुकेंद्रीय अनुस्पंदन प्रयोगांनी त्यास दुजोरा दिला. परंतु 2007 मध्ये याच कुळातील दुसऱ्या क्षारात, अल्प क्षेत्रात, विरुद्ध परिवलनांचा पुरावा मिळाला.

महाराष्ट्रातील एक शोध या संदर्भात उद्बोधक ठरतो. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील आर. नागराजन, एल. सी. गुप्ता व सहकाऱ्यांनी 1994 मध्ये इट्रियम, निकेल, बोरॉन व कार्बन यांच्या बहुस्फटिकी नमुन्यात सुमारे 12 केल्विनला अतिवाहकता आढळल्याचे प्रसिद्ध केले. अशा नमुन्यात कण सर्व दिशांना विखुरलेले असल्याने दिशेचा प्रश्नच विचारता येत नाही. पुढे याच कुळातील होल्मियमच्या संयुगाचे एकल स्फटिक मिळाल्यावर तेथेही क्रांतिक क्षेत्र दिशेनुसार बदलताना दिसले. मात्र तेथील कारण साखळीरचना नव्हे, तर होल्मियम अणूंचे चुंबकत्व होते.

तात्पर्य, क्रांतिक क्षेत्राचा आकडा दिशेच्या उल्लेखाविना अपूर्ण राहतो आणि दिशाभेद आढळला तरी त्याचे कारण प्रत्येक पदार्थात स्वतंत्रपणे शोधावे लागते. पदव्युत्तर अध्यापनात हे दोन्ही मुद्दे एकत्र मांडले जाणे आवश्यक आहे.