कवीची खोडी, शाळेचा नियम

दहावीच्या वर्गात एक शंका दरवर्षी ठरलेली असायची. "बाई, 'द बॉय आय प्लेड विथ' बरोबर, की 'द बॉय विथ हूम आय प्लेड'?" वाक्य शब्दयोगी अव्ययावर संपवायचं नाही, असं कुणीतरी शिकवणीत सांगितलेलं असे. इंग्रजी समालोचनात मात्र मुलांच्या कानावर पडे ते नेमकं उलटं. हा नियम आला कुठून, ते खणून काढायचा मग मला नादच लागला.

शोध पोचला जॉन ड्रायडनपाशी. हा 1668पासून इंग्लंडचा राजकवी. बेन जॉन्सन 1637मध्येच वारला होता, पण नाटककार म्हणून त्याचा दरारा कायम होता. 1672मध्ये छापलेल्या एका लेखात ड्रायडनने जॉन्सनच्या 'कॅटिलाइन' नाटकाची भाषा तपासायला घेतली आणि वाक्याच्या शेवटी आलेल्या अव्ययाला दोष दिला. हाच दोष अलीकडे आपल्याही लेखनात दिसला, असंही तो म्हणाला. नुसतं म्हणून थांबला नाही. नाट्यकाव्यावरचा आपला 1668चा निबंध 1684मध्ये पुन्हा छापताना त्याने अशी वाक्यं हुडकून बदलली.

यात वाईट काय, ते त्याने सांगितलं नाही. पण आपल्या इंग्रजीबद्दल शंका आली की ती लॅटिनमध्ये करून पाहतो, असं त्याने दुसरीकडे लिहून ठेवलंय. लॅटिनमध्ये असं अव्यय सर्वनामाला सोडून मागे राहूच शकत नाही. परक्या मापाने शिवलेला अंगरखा इंग्रजीला घातला गेला तो असा.

इंग्रजीची जुनी चाल निराळी. हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत दोन वाक्यं जोडायला 'थे' असा एक शब्द होता. त्याच्याआधी अव्यय लावता येत नसे, म्हणून ते क्रियापदाजवळ राही. 'आय प्लेड विथ' हे त्याच वळणाचं. अशा जोडवाक्यांत 'हूम' आला तो पुढच्या शतकांत.

1762मध्ये रॉबर्ट लाउथ या धर्मगुरूने इंग्रजीचं छोटेखानी व्याकरण लिहिलं. पुढे तो लंडनचा बिशप झाला. बोलण्यात आणि घरगुती लेखनात ही सवय मुरलेली आहे, हे त्याला मान्य होतं. भारदस्त लेखनात अव्यय आधी यावं, एवढाच त्याचा सल्ला. आणि ही सवय सांगताना त्याने स्वतःच 'टू' मागे ठेवला, बहुधा गमतीने! मग आला लिंडले मरे. अमेरिकेत वकिली आणि व्यापार करून यॉर्कजवळ स्थायिक झालेला हा गृहस्थ. तिथल्या मुलींच्या शाळेसाठी त्याने 1795मध्ये व्याकरण रचलं, लाउथचा मजकूर घेतला आणि तो 'टू' उचलून जागेवर बसवला. गंमत गेली, शिस्त उरली. त्याच्या पुस्तकाच्या आवृत्त्यांमागून आवृत्त्या निघाल्या आणि सल्ल्याचा नियम झाला. 1926मध्ये फाउलर या कोशकाराने इंग्रजीच्या वापरावरच्या आपल्या कोशात ही अंधश्रद्धा असल्याचं बजावलं, तोवर ती शाळाशाळांतून रुजली होती.

आमच्या वर्गात या नियमाने वेगळाच घोळ घातला. मराठीत 'ज्याच्याबरोबर' म्हणताना सर्वनामाचं रूप बदलतं आणि 'बरोबर' त्याला घट्ट चिकटतो. वाक्याच्या टोकाला एकटा उरलेला 'विथ' आमच्या मुलांना मुळातच परका. त्यात शेवटी अव्यय नको, असं सांगितलं की ती 'विथ' सरळ गाळूनच टाकत. वहीत उरे 'द बॉय आय प्लेड', ज्याला ना लॅटिन वाली ना इंग्रजी.

म्हणून मी वर्गात ड्रायडनची गोष्ट सांगू लागले. अर्जात 'विथ हूम' शोभतं, मैदानावर 'आय प्लेड विथ' चालतं, दोन्हीला पूर्ण मार्क. 'विथ' खाल्ला, तर मात्र अर्धा मार्क गेला.