वऱ्हाडातली खोटी साक्ष

यवतमाळ, दारव्हा किंवा पांढरकवड्याच्या न्यायालयात साक्षीदार फितूर झाले आणि खटला पडला, की एक स्पष्टीकरण हमखास ऐकू येते. पूर्वी माणूस बेलभंडार उचलून, गंगाजळ हातात घेऊन बोलायचा, म्हणून खरे बोलायचा. इंग्रजांनी ती शपथ मोडली आणि खोट्या साक्षीचा धंदा सुरू झाला. हे मत नुसते पारावरचे नाही. गेल्या दीडशे वर्षांत अनेक न्यायाधीशांनी आणि वकिलांनीही ते मांडले आहे. माझे म्हणणे मात्र वेगळे आहे. यवतमाळ जिल्ह्याचा इतिहास पाहिला, तर साक्ष बिघडली ती देवाची भीती गेली म्हणून नव्हे. ज्याच्याविरुद्ध बोलायचे त्याच्याच उपकारावर साक्षीदाराचे पोट अवलंबून राहिले, आणि खरे बोलणाऱ्याच्या पाठीशी उभे राहणारे कोणी उरले नाही, म्हणून ती बिघडली.

जुन्या व्यवस्थेकडे आधी नीट पाहू. मराठी मुलखात वतनाचा किंवा शिवेचा वाद गोतसभेपुढे येई, निवाड्याचा महजर, म्हणजे साक्षांकित निवाडापत्र, होई आणि त्यावर साक्षी पडत. पाटलाच्या नावापुढे नांगर, बलुतेदारांच्या नावापुढे ज्याच्या त्याच्या हत्याराची निशाणी. शिवेच्या तंट्यात महाराच्या शब्दाला मोठे वजन असे, कारण गावाची हद्द पायाखालची असलेला माणूस तोच. या साक्षीला किंमत होती ती तिच्या उघडेपणामुळे: सगळ्यांदेखत बोलायचे आणि आयुष्यभर त्याच लोकांत राहायचे. केवळ शपथेने काम भागत असते तर दिव्याची, म्हणजे देवावर हवाला ठेवून घेतलेल्या अग्निपरीक्षेची, गरजच पडली नसती. उकळत्या तेलातून नाणे काढायला लावणे, तापलेले लोखंड हातावर घेऊन चालायला लावणे हे प्रकार साक्षी-पुराव्याने निकाल लागेना तेव्हाच वापरत. स्मृतिकारांनीही कूटसाक्षीसाठी दंड सांगितले आहेत, ते ती घडत होती म्हणूनच. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात तर कोणाचा जीव जाणार असेल तर खोटे बोलण्याची मुभा आणि त्याचे प्रायश्चित्तही आहे. त्या गावगाड्याचा गौरव करावा असे मला मुळीच वाटत नाही. ज्या महाराच्या शब्दावर शीव ठरे, त्याला गावाच्या विहिरीवर पाणी मिळत नव्हते. पण साक्षीला वजन कुठून येत होते, हे त्यातून कळते.

आता इंग्रजी अंमल. 1853 च्या तहाने निजामाने वऱ्हाड कंपनीकडे सोपवले. 1864 च्या सुमारास वणी जिल्हा झाला, 1905 मध्ये त्याचे नाव यवतमाळ पडले आणि पुसद तालुका त्यात आला. कायद्याच्या दृष्टीने हा मुलूख ब्रिटिश हिंदुस्थान नव्हताच. सार्वभौमत्व निजामाचे, कारभार हैदराबादच्या रेसिडेंटचा, आणि 1860 चे भारतीय दंडविधान इथे लागू झाले ते कार्यकारी आदेशाने. कलम 191 ने खोटी साक्ष म्हणजे काय ते सांगितले. 193 ने न्यायालयीन कामकाजातील खोट्या साक्षीला सात वर्षांपर्यंत कैद ठेवली. म्हणजे वणीच्या न्यायालयात खोटे बोलणारा शेतकरी निजामाचा प्रजाजन, आणि त्याला शिक्षा देणारे न्यायालय राणीच्या सरकारने चालवलेले. पैनगंगेपलीकडे माहूर-किनवटकडे गेलेल्या साक्षीदारावर इथला समन्स स्वतःच्या बळावर बजावता येत नसे. न्यायालय आणि गाव यांच्यात पडलेले हे अंतर शपथेच्या शब्दांपेक्षा कितीतरी मोठे होते.

आणि शपथ मोडल्याचा आरोप तरी खरा आहे का? गंगाजळ आणि कुराणाची सक्ती 1840 च्या पाचव्या कायद्याने उठवली, तेव्हा अशा शपथेमुळे न्यायाच्या कामात अडथळे येतात हेच कारण त्यात दिले होते. अनेक प्रतिष्ठित माणसे ती शपथ घेण्यापेक्षा न्यायालयाची पायरी न चढणे पसंत करत. शिवाय 1873 च्या शपथ कायद्याने धार्मिक शपथ एका दाराने परत आणली. एका पक्षाने म्हणायचे, 'समोरच्याने अमुक देवळात अमुक शपथ घेऊन सांगावे, मी ते मान्य करीन'. समोरच्याने तशी शपथ घेतली की तो पुरावा तसे म्हणणाऱ्यावर बंधनकारक आणि निर्णायक. ही सोय जवळजवळ शंभर वर्षे होती आणि 1969 च्या नव्या कायद्यात ती गळाली. सिनेमात दिसणारी गीतेवरच्या हाताची शपथ कायद्यात नाही. देवळातल्या शपथेने साक्ष सुधारणार असती, तर या शंभर वर्षांत ती सुधारायला हवी होती.

बिघाडाची जागा दुसरीकडे आहे. अमेरिकेतल्या यादवीमुळे 1860 च्या दशकात वऱ्हाडच्या कापसाला न भूतो असा भाव आला, सर्वेक्षणाने जमिनीवरचा हक्क विकता-गहाण ठेवता येण्याजोगा झाला, आणि सावकाराला जमिनीत रस वाटू लागला. कर्ज द्यायचे आणि तारण म्हणून खरेदीखतच लिहून घ्यायचे, 'पैसे फेडलेस की जमीन परत' हे फक्त तोंडी, ही रीत रुळली. 1872 च्या पुरावा कायद्याचे कलम 92 सांगत होते की लेखी दस्ताच्या अटींविरुद्ध तोंडी कराराचा पुरावा घेऊ नये. प्रिव्ही कौन्सिलनेही बाळकिशन दास विरुद्ध लेग या खटल्यात हाच नियम कडक धरला. त्याचा अर्थ शेतकऱ्याच्या बाजूने काय होतो, हे पाहावे. दस्तावर लिहिलेले खोटे, पण ते दस्तात असल्यामुळे सुरक्षित. शेतकरी सांगतो ते खरे, पण ऐकूनच घ्यायचे नाही. दस्ताखाली साक्षीदार म्हणून ज्याचा अंगठा आहे, तो बहुधा त्याच सावकाराचा दुसरा ऋणको. अशा माणसाने खोटी साक्ष दिली तर त्याला दंडविधानाचा गुन्हेगार म्हणावे लागेल, हे खरे. पण तो खोटेपणा त्याच्यात जन्मला नव्हता.

यावर आक्षेप येतो: मग शिक्षा कडक करा, खटले भरा, दोन-चार तुरुंगात गेले की बाकीचे सुधारतील. हेही करून झाले आहे. एकोणिसाव्या शतकात न्यायालयाची मंजुरी घेऊन खाजगी पक्षकाराला खोट्या साक्षीचा खटला भरता येई, आणि हरलेला पक्ष त्याचा वापर सूड घेण्यासाठी करू लागला. म्हणून 1923 च्या दुरुस्तीने ती मंजुरीची पद्धत काढली आणि फक्त न्यायालयाच्या स्वतःच्या तक्रारीवर असा खटला चालेल असे ठरवले. तीच रचना 1973 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 340 मध्ये होती आणि आता 1 जुलै 2024 पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 379 मध्ये आहे. शिवाय कडकपणाची एक उलटी धार आहे. साक्षीदाराने आधी दंडाधिकाऱ्यापुढे एक आणि नंतर सत्र न्यायालयात दुसरेच सांगितले, तर दोहोंपैकी कोणते खोटे हे सिद्ध न करताही पर्यायी आरोप ठेवता येतो. दबावाखाली दिलेली पहिली जबानी खोटी असेल, तर खरे बोलायला आलेला माणूसच गोत्यात येतो. तो पहिल्या खोट्याला धरून बसतो. पंचनाम्याचेही असेच. गावातला पंच कोऱ्या कागदावर सही करून मोकळा होतो, पुढे पेशीला उभा राहून म्हणतो, 'माझ्यासमोर काही सापडलं नाही, पोलिसांनी सही मागितली, मी केली.' कायदा त्याला फितूर ठरवतो. कदाचित त्या खटल्यातले एकमेव खरे वाक्य तेच असते.

माणसे न्यायालयात खरे बोलूच शकत नाहीत, असे मात्र या जिल्ह्याचा इतिहास सांगत नाही. 10 जुलै 1930 ला वणीचे, व्यवसायाने वकील असलेले लोकनायक बापूजी अणे यांनी पुसद इथे जंगल कायदा मोडून सत्याग्रह सुरू केला. याच सत्याग्रहात 21 जुलैला यवतमाळजवळ लोहाऱ्याला राष्ट्रीय स्वयंसेवक संघाचे संस्थापक डॉ. हेडगेवार आपल्या तुकडीसह पकडले गेले. सत्याग्रहाचा रिवाजच बचाव न करण्याचा होता: गवत कापले, जाणूनबुजून कापले, शिक्षा द्या. सुटका होण्यासाठी नुसता नकार पुरला असता, तिथे माणसे स्वतःविरुद्ध खरे बोलली. तिथे कोणी तुळस उचलायला लावली नव्हती. फरक एवढाच, की त्या सत्यामागे गाव उभे होते.

सुधारणा झाल्याच नाहीत असे नाही. महाराष्ट्राच्या 2014 च्या सावकारी कायद्याने जिल्हा निबंधकाला अधिकार दिला की, अवैध सावकारीत तारण म्हणून झालेले खरेदीखत चौकशीनंतर रद्द ठरवावे आणि जमीन परत द्यावी. नोंदणी झालेला कागदही खोटे बोलतो, हे कायद्याने इथे मान्य केले. 2017 मध्ये राज्याचा साक्षीदार संरक्षण कायदाही आला. पण सावकारीच्या त्या चौकशीत खरे सांगू शकणारा माणूस बहुतेकदा दस्तावर अंगठा दिलेला शेजारीच असतो, आणि त्याचेही नाव त्याच वहीत असते. धमकी आली तर संरक्षण कायदा त्याला पोलीस देऊ शकेल. मृगाच्या तोंडावर बियाण्याची उधारी बंद झाली, तर त्याने कोणाकडे जायचे, याची तरतूद त्या कायद्यात नाही.