तोफ हेच निशाण



जळगावहून मुंबईकडे जाताना मनमाड मागे पडले की नाशिक रोड व देवळाली ही स्थानके लागतात. धुळ्याची मंडळी चाळीसगावला गाडी बदलून याच मार्गाने जातात. परंतु भारतीय तोफखान्याचे माहेरघर ते हेच, हे थोड्यांनाच ठाऊक असते. नाशिक रोडला तोफखान्याच्या जवानांचे प्रशिक्षण केंद्र आहे आणि देवळालीस तोफांचे शास्त्र शिकविणारी शाळा आहे.

'तोफ' हा शब्द आपल्याकडे तुर्कीतून आला आणि 'गोलंदाज' फारसीतून. आज गोलंदाज म्हटले की मुलांना क्रिकेट आठवते. पण मूळ गोलंदाज म्हणजे तोफेचा गोळा फेकणारा. शब्दांबरोबर विद्याही आली. निजामशाहीत 1549 साली अहमदनगरला (आजचे अहिल्यानगर) रूमी नावाच्या तुर्की उस्तादाने 'मलिक-ए-मैदान' ही सुमारे 55 टन वजनाची तोफ ओतली. ती आज विजापूरच्या बुरुजावर आहे. पुढे 14 जानेवारी 1761 रोजी पानिपतावर मराठ्यांच्या तोफखान्याची धुरा इब्राहिमखान गारदी यांच्याकडे होती. त्यांनी अखेरपर्यंत भाऊसाहेबांची साथ सोडली नाही. ते जिवंत पकडले गेले आणि मारले गेले. खाल्लेल्या मिठाला जागणे म्हणजे काय, याचे याहून मोठे उदाहरण कोणते?

मराठी सत्ता गेली. 1818 साली मालेगावच्या भुईकोटावर इंग्रजांच्या तोफा धडधडल्या आणि आतल्या अरब शिबंदीने कडवी झुंज देऊन किल्ला सोडला. त्यानंतर नऊच वर्षांनी, 28 सप्टेंबर 1827 रोजी, मुंबई इलाख्याच्या फौजेत देशी शिपायांची गोलंदाज कंपनी उभी राहिली. हीच पुढे 5 वी (बॉम्बे) माउंटन बॅटरी झाली. आजही 28 सप्टेंबर हा दिवस 'गनर्स डे' म्हणून पाळला जातो.

1857 च्या उठावानंतर इंग्रजांचा विश्वास उडाला. तोफ हिंदी माणसाच्या हाती द्यायची नाही, असे धोरण ठरले. खेचरांवर लादून नेण्याच्या लहान तोफांच्या काही पहाडी बॅटऱ्या तेवढ्या राहिल्या. त्यांत आपली मुंबईची बॅटरी होती. मोठ्या मैदानी तोफांची पहिली हिंदी तुकडी निघायला 15 जानेवारी 1935 उजाडावा लागला. ती बंगलोरला उभी राहिली. अविश्वासाची ही पाऊणशे वर्षे हिंदी गोलंदाजाने चोख काम करून भरून काढली.

तोफखान्याची एक परंपरा सर्वांनी जाणून घ्यावी. पायदळाच्या पलटणींना निशाण असते. तोफखान्याला ते नाही. तोफ हेच त्याचे निशाण. संचलनात तोफेला निशाणाचा मान मिळतो आणि ती शत्रूच्या हाती पडू देणे ही सर्वांत मोठी नामुष्की मानतात. डिसेंबर 1944 मध्ये ब्रह्मदेशात हवालदार उमरावसिंग यांनी हे कृतीने दाखविले. दारूगोळा संपल्यावर त्यांनी तोफेचीच लोखंडी पहार उचलली. काही तासांनी ते गंभीर जखमी अवस्थेत तोफेशेजारी सापडले. भोवती शत्रूची दहा प्रेते होती आणि तोफ शाबूत होती! त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

तोफखान्याचे ब्रीद आहे 'सर्वत्र इज्जत-ओ-इकबाल'. पहिला शब्द संस्कृत, पुढचे दोन अरबी, आणि त्यांना जोडणारा 'ओ' फारसी. आपला देश कसा घडला, हे या तीन शब्दांत सामावले आहे.

मात्र तोफखाना नुसत्या छातीवर चालत नाही, हे मुलांनी ध्यानात ठेवावे. गोलंदाजाला लक्ष्य बहुधा दिसतच नाही. पुढे बसलेला अधिकारी गोळा कोठे पडला ते कळवितो. मग अंतर, उंची, वारा, हवेचे तापमान यांचा हिशेब करून तोफेचा कोन ठरतो. कारगिलमध्ये 1999 साली उंच शिखरांवर सुमारे अडीच लाख गोळे व रॉकेटे डागली गेली; त्यामागे हेच गणित होते. आपल्या वर्गात ज्या त्रिकोणमितीला मुले कंटाळतात, तीच ही!

पालकांनो, 'सैन्य आपल्या मुलांसाठी नाही' असे वाक्य कानी पडते. वर सांगितलेला इतिहास त्याला उत्तर देतो. बारावीनंतर खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचा मार्ग खुला आहे. तिच्या लेखी परीक्षेत 900 पैकी 300 गुण गणिताचे आहेत. 2022 पासून तेथे मुलीही शिकतात आणि 2023 मध्ये तोफखान्यात पहिल्या पाच महिला अधिकारी दाखल झाल्या. म्हणून मुलगा असो वा मुलगी, आठवीतच 'गणित सोडून दे' असे सांगू नका. इज्जत वारशाने मिळते, इकबाल मात्र मेहनतीने कमवावा लागतो.