सागरी तापमान व उष्ण कटिबंधीय वातावरणीय तरंग

महासागरांच्या पृष्ठतापमानात होणाऱ्या बदलांमुळे विषुववृत्तालगतच्या वातावरणात विस्तृत तरंग निर्माण होतात व दूरच्या प्रदेशांतील पर्जन्यावर त्यांचा परिणाम होतो. हा संबंध उलगडण्यास सुमारे शतक लागले. या शोधामागील एक प्रमुख प्रेरणा भारतातील दुष्काळांची होती.

खानदेशात हा प्रश्न विशेष तीव्र आहे. धुळे जिल्ह्यातील नरडाण्याचा परिसर सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत, तापीच्या दक्षिणेस आहे. येथील जिराईत कापूस व बाजरी ही पिके मॉन्सूनच्या पावसावर अवलंबून असतात. हंगामाची एकूण सरासरी गाठली, तरी पेरणीनंतर दोनतीन आठवडे उघडीप पडल्यास पीक हातचे जाते.

१८७६–७८ च्या दुष्काळानंतर हेन्‍री ब्लॅनफर्ड यांनी हिमालयातील हिमवर्षाव व मॉन्सून यांचा संबंध १८८४ मध्ये मांडला. १८९९ मध्ये मॉन्सून पुन्हा अपयशी ठरला. विक्रम संवत १९५६ वरून ‘छप्पनिया’ म्हणून ओळखल्या गेलेल्या या दुष्काळाची झळ खानदेशालाही बसली. १९०४ मध्ये भारतीय वातावरणविज्ञान खात्याचे प्रमुख झालेल्या गिल्बर्ट वॉकर यांनी जगभरच्या नोंदींची तुलना करून पॅसिफिक व हिंदी महासागरांवरील वायुदाबांचे ‘दक्षिणी आंदोलन’ शोधले. त्याचे कारण मात्र त्यांना सापडले नाही. याकोप ब्यर्कनेस यांनी १९६९ मध्ये ते पॅसिफिकच्या पृष्ठतापमानाशी जोडले.

उष्ण सागरावर बाष्पयुक्त हवा वर चढते. संघननाने मुक्त झालेली सुप्त उष्णता भोवतालचे वातावरण क्षुब्ध करते. तारो मात्सुनो यांनी १९६६ मध्ये गणिताने दाखविल्याप्रमाणे अशा क्षोभातून पूर्वेकडे केल्व्हिन व पश्चिमेकडे रॉस्बी तरंग पसरतात. एल निन्योच्या काळात उष्ण पाणी व मेघनिर्मिती मध्य पॅसिफिककडे सरकली की, भारतावर अधोगामी हवेचे प्राबल्य वाढू शकते. महाराष्ट्रातील भीषण अवर्षणाचे १९७२ हे वर्ष एल निन्योचेच होते.

रोलंड मॅडन व पॉल ज्यूलियन यांनी १९७१ मध्ये ४०–५० दिवसांचे आंदोलन शोधले. हिंदी महासागरावरून पूर्वेकडे सरकणाऱ्या या मेघसमूहास उष्ण सागरातून बाष्प मिळते. डी. आर. सिक्का व सुलोचना गाडगीळ यांनी १९८० मध्ये उपग्रहचित्रांवरून दाखविले की, विषुववृत्ताजवळचे मेघपट्टे हंगामात वारंवार उत्तरेकडे भारतभूमीवर सरकतात. पावसाचे जोर व उघडिपी यांचे रहस्य त्यामुळे उलगडू लागले.

तथापि हा संबंध अटळ नाही. १९९७ मध्ये एल निन्यो प्रबळ असूनही देशाचा पाऊस सरासरीइतका झाला. त्या वर्षी पश्चिम हिंदी महासागर पूर्वेपेक्षा अधिक तापला होता. आज काही आठवडे आधीचे अंदाज दिले जातात, परंतु ते विस्तृत प्रदेशांचे असतात. एखाद्या गावच्या शिवारात पाऊस नेमका केव्हा पडेल, हे त्यांवरून सांगता येत नाही.