'नामा' म्हणजे नेमका कोण?

मध्यंतरी मुलीच्या आग्रहाखातर मी एका बोलक्या संगणकाला विचारले, 'या नावाचा कवी कोण?' नाव माझेच होते. उत्तर झटकन आले. मी म्हणे उर्दूतला गझलकार, जन्म उत्तरेकडचा, आणि मला जाऊनही बरीच वर्षे झालेली! घरात हशा पिकला. मला मात्र नामदेवांची आठवण झाली.

संत नामदेवांचा काळ 1270 ते 1350. त्यानंतर सुमारे दोन शतकांनी, एकनाथांच्या काळात, विष्णुदास नामा हा दुसरा कवी झाला. दोघांच्याही रचनेत 'नामा' हीच मुद्रा. वह्या उतरवून घेणाऱ्यांनी दोघांचे अभंग एकाच गाथेत घातले आणि ते निवडता निवडता अभ्यासकांच्या नाकी नऊ आले. नाव सर्वांच्या ओठी, पण त्या नावाचा माणूस कोणता, हेच ठरेना.

एकनाथांच्या बाबतीत हा घोळ होणे अवघड. 'एका जनार्दनी' म्हणताना ते आपल्या नावाला गुरूचे नाव जोडतात. हे कुणाचे, ही ओळख नावातच येते.

शोधयंत्रालाही नेमके हेच हवे असते. स्टॅनफर्ड विद्यापीठात शिकणाऱ्या लॅरी पेज आणि सर्गे ब्रिन यांनी 1998 साली गुगल कंपनी काढली, तेव्हा त्यांची मूळ युक्ती साधी होती. एखाद्या पानाकडे इतर किती पाने बोट दाखवतात आणि ती बोटे किती वजनदार आहेत, ते मोजायचे. म्हणजे आपण स्वतःविषयी काय सांगतो यापेक्षा दुसरे काय सांगतात याला किंमत. पुढे 2012 साली गुगलने व्यक्ती, गावे, ग्रंथ यांचे परस्परसंबंध नोंदवणारे कोठार उभारले, कारण नुसती अक्षरे जुळवून माणूस सापडत नव्हता. 2022 च्या अखेरीस चॅटजीपीटी आले. अशी यंत्रे अफाट मजकूर वाचून पुढचा संभाव्य शब्द जुळवतात. जिथे मजकूर तुटपुंजा, तिथे अंदाज. माझ्यासारखे नाव उर्दू शायरीशेजारी त्यांनी पुष्कळदा पाहिले असणार, मराठीशेजारी क्वचित. म्हणून मी उत्तरेत जन्मलो!

यात चिडण्यासारखे काय, असे कुणी म्हणेल. पण श्रीगोंद्याचे शेख महंमद सतराव्या शतकात मराठीत 'योगसंग्राम' लिहून गेले. त्यांच्यापासून चालत आलेली वाट यंत्राच्या गावीच नसेल, तर उद्या त्यालाच विचारून निबंध लिहिणाऱ्या मुलांना ती वाट होती, हे कळणार कसे? आणि शेख महंमदांचे नाव तरी आपण एकसारखे कुठे लिहितो? कुणी महंमद, कुणी मुहंमद, कुणी महमद. रोमन लिपीत तर एका 'शेख'चीच चार रूपे.

हल्ली 'पर्सनल ब्रँड' घडवून देणारे सल्लागार पैसे घेऊन सांगतात की नाव सगळीकडे एकाच तऱ्हेने लिहा, त्यासोबत गाव आणि काम द्या, इतरांनी तुमचा उल्लेख करावा असे काही करा. 'ब्रँड' हा शब्द मला साबणाच्या वडीसारखा वाटतो. पण सल्ला जुनाच आहे. बार्शीचे मेहबूब हुसेन पटेल लोकांमध्ये अमर शेख झाले ते डफावर थाप मारत, लाल बावटा कलापथकातून आणि संयुक्त महाराष्ट्राच्या सभांमधून. ते 1969 साली गेले. त्यांची कन्याही कवयित्री आणि तिचे नाव मलिका अमर शेख. इथेही नावात नाते आलेच, एकनाथांसारखे.

मीही आता कवितेखाली नावासोबत गावाचे नाव लिहितो. परवा एका अंकात कविता आली. गाव बरोबर छापले होते. 'शेख'चा मात्र 'शेक' झाला होता.